ट्रॉलीला ब्रेक नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे

कापसाचा हंगाम तोंडावर आला आहे. येत्या काही आठवड्यांत दारव्हा रस्त्याने लोहाऱ्याकडे आणि लोहाऱ्यावरून यवतमाळकडे, जिनिंगकडे, बाजार समितीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागेल. औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की कामगार याच रस्त्याने दुचाकीवरून घरी निघतील. शाळेची पोरे सायकलवर असतील, एसटी असेल, मालट्रक असतील. अंधार पडल्यावर या सगळ्यांच्या पुढे, मागच्या बाजूला एकही दिवा नसलेली, दोन्ही अंगांनी फुगलेली कापसाची ट्रॉली चालत असेल किंवा टायर फुटून रस्त्यातच उभी असेल. यंदाही हे असेच चालू राहिले तर माणसे मरतील, असे आम्ही स्पष्ट लिहीत आहोत, कारण ट्रॉलीपायी माणसे दरवर्षी मरतात.

4 एप्रिल 2025 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर बाया ट्रॅक्टरने कामाला निघाल्या होत्या. नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात तो ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला. तिघांना वर काढता आले, सात महिला बुडून मेल्या. पंतप्रधान सहायता निधीतून दोन लाख आणि राज्य सरकारकडून पाच लाख, अशी मदत जाहीर झाली. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, मध्य प्रदेशातल्या खंडवा जिल्ह्यात देवीच्या विसर्जनाला निघालेली ट्रॉली पाण्यात उलटली आणि अकरा जण गेले. त्यांत बहुतेक पोरे होती. त्याआधी 1 ऑक्टोबर 2022 ला कानपूरजवळ घाटमपूरला जावळाचा कार्यक्रम उरकून परतणारी ट्रॉली तळ्यात पडली आणि पंचवीसहून जास्त लोक मेले. फेब्रुवारी 2024 मध्ये कासगंजला गंगास्नानाला निघालेल्यांची ट्रॉली तळ्यात गेली, तिथेही मृतांचा आकडा विसापुढे गेला. नांदेड आपल्याला लागून आहे आणि खंडवाही फार लांब नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव देशात नावाजला जातो. त्या नऊ रात्री आसपासच्या खेड्यांतून रोषणाई पाहायला येणारी कुटुंबे कशात बसून येतात, हे जिल्ह्यातल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिले आहे. खंडव्याची बातमी वाचून आपल्या पोटात गोळा यायला हवा होता.

या सगळ्या घटनांनंतर चर्चा होते ती चालकाची. दारू प्यायला होता का, लायसन होते का, पळून गेला का. हे विचारायलाच हवे, पण मागे जोडलेल्या लोखंडी डब्याबद्दल कोणी काही विचारत नाही. ट्रॅक्टर कारखान्यात बनतो, त्याची चाचणी होते, त्याला इंजिन नंबर असतो, एमएच 29 ची पाटी लागते, बँक त्यावर कर्ज देते, विमा उतरतो. ट्रॉली मात्र पुष्कळदा एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात, जुन्या ट्रकचा एक्सल आणि मिळतील ती चाके घेऊन, गिऱ्हाईक सांगेल त्या मापाने जुळवली जाते. रस्त्यावर आली की ती ट्रॅक्टरपेक्षा दुप्पट-तिप्पट वजन घेऊन धावते. एकूण वजनाचा मोठा भाग ट्रॉलीत, आणि देखरेख सगळी ट्रॅक्टरवर, अशी ही व्यवस्था आहे. आमचा आक्षेप नेमका यावर आहे.

जिनिंगच्या फाटकावर रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही ट्रॉलीजवळ जा आणि जोडणीपाशी वाकून बघा. ट्रॅक्टरचा हुक आणि ट्रॉलीची दांडी यांना जोडणारी पिन ही त्या सगळ्या वजनाचा एकमेव दुवा असते. ती मजबूत पोलादाची आणि भोकात नीट बसणारी असावी, आणि खड्ड्यात उसळून वर निघू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला लॉक हवे. प्रत्यक्षात तिथे अनेकदा वाकवलेली सळई सापडते. लॉकच्या जागी बांधायची तार किंवा सुतळी असते, काही ठिकाणी तीही नसते. भोक झिजून अंड्यासारखे लांबट झालेले दिसते, म्हणजे प्रत्येक धक्क्याला पिन पुढेमागे आपटते आहे. शेजारी सुरक्षेची साखळी असायला हवी, कारण पिन निसटली तरी ट्रॉली साखळीने धरून राहते. ही साखळी फार थोड्या ट्रॉल्यांना दिसते. चढावर पिन निघाली की चार-पाच टनांची ट्रॉली मागे येऊ लागते. मागे कोण आहे, ते तिला दिसत नाही आणि चालकाच्या हातात काहीच उरत नाही.

ब्रेकचे तसेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास. त्याच्या मागे रेतीची ट्रॉली जोडली की उतारावर तो तिला ओढत नसतो, ती त्याला ढकलत असते. चालकाने जोरात ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली थांबत नाही. ती मागून रेटा देते, तिरपी होते आणि ट्रॅक्टरला आडवा फिरवून उलथवते. यवतमाळ पठारावर वसलेले आहे, शहराबाहेर कोणत्याही बाजूला निघालात तरी चढ-उतार आहेत. अशा उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय फार जणांना आहे. इंजिनची अडवणूक हाच त्या वेळी खरा ब्रेक असतो आणि न्यूट्रल केल्यावर तोच जातो. नियम सोपा आहे: ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा, आणि उतार लागण्याआधीच गिअर पाडा, अर्ध्या उतारावर नाही.

आणखी एक गोष्ट शेतात जन्म घालवलेल्या चालकांकडूनही सुटते. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल असतात, डाव्या चाकाला एक आणि उजव्या चाकाला एक. वावरात तास संपल्यावर जागच्या जागी वळायला एकाच चाकाचा ब्रेक लावायचा म्हणून ती सोय आहे. डांबरी रस्त्यावर येताना हे दोन्ही पायडल खिटीने एकमेकांना जोडायचे असतात. ते विसरले आणि घाईत एकाच पायडलवर पाय पडला, तर एक चाक अडते, दुसरे फिरत राहते आणि ट्रॉलीसकट सगळे गाडे एका बाजूला झेपावते. खिटी लावायला दोन सेकंदही लागत नाहीत. वावरातून रस्त्यावर चढताना ती बापाने लेकाला आठवण करून द्यावी, मालकाने सालदाराला द्यावी.

आता भरण्याविषयी. रेतीचा हिशेब ब्रासमध्ये होतो आणि वजन कोणी बोलत नाही. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. कोरड्या रेतीचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो, नदीतून नुकतीच काढलेली ओली रेती त्याहून जड. फाळक्यांवर फळ्या चढवून दीड ब्रास घालणारा माणूस सात टनांच्या आसपास वजन अशा एक्सलवर टाकतो, ज्याची क्षमता किती हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. दोनचाकी ट्रॉलीत तर वजन किती यासोबत ते कुठे आहे यालाही तेवढेच महत्त्व आहे. माल मागे जास्त झाला की दांडी वर उचलू पाहते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, त्यांची पकड जाते आणि ट्रॉली वेगात शेपटी हलवू लागते. फार पुढे झाला की ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर भार येऊन त्याचे तोंड उचलते, आणि पुढची चाके टेकलेली नसतील तर स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. म्हणून जड माल तळाला, दोन्ही बाजूंना सारखा आणि एक्सलच्या किंचित पुढे ठेवायचा. चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलत असेल, तर बोनेटवर पोरे बसवून ते दाबण्याचा प्रकार तातडीने थांबला पाहिजे. माल कमी करा.

कापसाची अडचण रेतीच्या उलट आहे. तो हलका, पण पसरतो आणि उंच चढतो. ट्रॉली भरताना तो तुडवायला माणूस वर चढतो आणि पुष्कळदा तसाच वर बसून प्रवासाला निघतो. शेतातून बाहेर पडताना खाली लोंबकळणारी विजेची तार त्याला दिसते तोवर उशीर झालेला असतो. पांदण रस्त्याला एका बाजूने चाक खाली गेले की उंच गंजी त्या बाजूला झुकते, तिचा तोल बाहेर जातो आणि ट्रॉली सावकाश, पण न अडवता येण्यासारखी उलटते. सोयाबीनचे कट्टे एका अंगाला रचले तरी हेच होते. जाळी आणि ताडपत्री मालाला बांधून ठेवते, ट्रॉलीचा तोल सांभाळत नाही. कापूस बाजूच्या फळ्यांच्या बाहेर लोंबू देऊ नये आणि वर माणूस बसू नये, एवढे पाळले तरी निम्मा धोका टळेल.

ट्रॉली उभी असतानाही निर्धास्त राहण्यासारखी नसते. ट्रॅक्टर सोडवून फक्त दोनचाकी ट्रॉली उभी करायची आणि पुढचा माल आधी उतरवायचा, ही चूक सर्रास होते. मागे वजन उरले की दांडी खालून उसळते आणि समोर उभ्या माणसाच्या हनुवटीवर बसते. हायड्रॉलिकवर उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू न लावता ग्रीस मारायला शिरणे म्हणजे जीव एका पाइपावर टांगणे. आणि पंक्चर ट्रॉलीच्या चाकांना लावलेले दगड काम झाल्यावर रस्त्यातच सोडून जाणारे, मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा विचार करत नाहीत.

अंधाराचे प्रकरण मात्र आम्हाला सर्वांत गंभीर वाटते, कारण त्यात मरणारा बहुतेक वेळा ट्रॉलीवाला नसतो. 15 जुलै 2024 च्या रात्री डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेल्या भाविकांची बस मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रॅक्टरला धडकून खड्ड्यात गेली. पाच जणांचा जीव गेला. त्या मार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे. आपल्याकडे तुळजापूर-नांदेड-यवतमाळ-वर्धा हा राष्ट्रीय महामार्ग 361 रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, पण त्यावरची ट्रॉली जुनीच राहिली. ताशी ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या गाडीला वीसच्या वेगाने जाणारी बिनदिव्याची ट्रॉली दिसते तेव्हा थांबायला जागा उरलेली नसते. उमरखेडकडे, पोफाळीच्या बाजूला, ऊस वाहणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या असतात, आणि शेवटच्या ट्रॉलीच्या मागे उसाची टोके बाहेर आलेली असतात. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी असली तर हेच धूड दुरून चमकते. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे, म्हणून त्याला सबब चालणार नाही.

एके काळी या भागातला कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबई बंदराकडे जात असे. ती गाडी बंद पडली आणि तिचा भार रस्त्यावर आला. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग पूर्ण होऊन मालवाहतुकीची नवी सोय होईल तेव्हा होईल, तोवर शेत ते जिनिंग हे अंतर ट्रॉलीनेच तोडायचे आहे. म्हणून ट्रॉली बंद करा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

पण माणसे तिच्यातून नेणे बंद झालेच पाहिजे. आमचे हे म्हणणे मजूर बायांवर रोष धरून नाही. वेचणीला, निंदणाला चार-पाच किलोमीटरवरच्या वावरात सकाळी सातला पोचायचे, तिथे एसटी जात नाही, ऑटोचे पैसे मजुरीतून गेले तर हातात काय राहते? मालक किंवा मुकादम ट्रॉली पाठवतो, बाया लेकरांसह चढतात, जागा उरली नाही तर कोणी मडगार्डवर बसते, कोणी दांडीवर उभे राहते. मडगार्डवरून घसरलेला माणूस मागच्या चाकाखाली जातो, दांडीवरून पडलेला ट्रॉलीच्या चाकाखाली. ट्रॉलीला आसन नाही, धरायला काही नाही, आणि ती उलटली तर सगळे एकमेकांवर पडतात व वरून लोखंड पडते. ज्याच्या वावरात काम आहे, त्याच्यावर मजुरांना सुखरूप आणण्या-नेण्याची जबाबदारी आहे. ट्रॉलीऐवजी आसने असलेले प्रवासी वाहन ठरवले तर दर मजुरामागे जो थोडा खर्च वाढेल, तो वेचणीच्या दरात धरला पाहिजे. नांदेडच्या सात घरांना नंतर जी मदत मिळाली, तेवढ्या पैशांत अशी वाहने किती हंगाम चालली असती, याचा हिशेब सरकारनेही करावा.

कायद्यात उणीव नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 प्रमाणे ट्रॉलीलाही नोंदणी लागते, तिचा क्रमांक तिच्यावर हवा आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांकही तिच्यावर दिसला पाहिजे. कलम 194 मध्ये जादा वजनाला 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार दंड आहे. माल बाजूला, मागे किंवा मर्यादेपेक्षा वर निघाला तरी 20 हजार. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय ट्रॉलीची नोंद नसेल, विमा नसेल, किंवा मालाच्या ट्रॉलीत माणसे बसवली असतील, तर भरपाईच्या वेळी विमा कंपनी अटींवर बोट ठेवते. मग दावा वर्षानुवर्षे न्यायालयात चालतो आणि ट्रॅक्टर-मालकाचे शेत विकायची पाळी येते. मेलेला मजूर आणि बुडालेला शेतकरी, दोन्ही घरे एकाच गावची.

तरीही भर हंगामात रस्त्याच्या कडेला उभे राहून शेतकऱ्याकडून वीस-वीस हजारांच्या पावत्या फाडाव्यात, अशी आमची मागणी नाही. भाव मिळत नाही, पावसाने बोंडे काळवंडली आहेत, अशा वेळी तो दंड म्हणजे जखमेवर मीठ होईल. त्यातून सुरक्षितता वाढण्याऐवजी आडवाटेने रात्रीच्या फेऱ्या वाढतील. कारवाईचा बडगा उगारायचा तर तो आधी रेती-मुरमाच्या रात्रीच्या धंद्यावर उगारा. तिथे जादा फेरी आणि जादा माल यांवरच नफा उभा आहे. शेतकऱ्यासाठी हंगामाआधी तपासणी हवी, आणि ती फुकट हवी.

पैसा कुठून येईल, असा प्रश्न विचारला जाईल. सरकार यंत्रांवर खर्च करतेच आहे. अनुसूचित जातींच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर, त्याची अवजारे आणि ट्रेलर घेण्यासाठी समाजकल्याण खाते साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदान देते. ज्या ट्रेलरला सरकारचा पैसा लागतो, त्याला ब्रेक, मागचे दिवे, लॉकची पिन आणि साखळी असल्याशिवाय अनुदान सुटणार नाही, अशी एक अट घातली तर कोणत्या कायद्यात बदल करावा लागतो? कोणत्याच नाही. भारतीय मानक ब्यूरोने शेतीच्या ट्रेलरसाठी मानक कधीच ठरवून ठेवले आहे, आयएस 8213. ते वेल्डिंगच्या दुकानापर्यंत पोचलेले नाही. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे काम जाणणारे हात आहेत, यवतमाळला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआय आहे. त्यांनी मिळून ट्रॉली बनवणाऱ्या कारागिरांची दोन दिवसांची शिबिरे घेतली, तर हा बदल जिल्ह्यातच घडू शकतो. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरवर उलटल्यास चालकाला वाचवणारा लोखंडी सांगाडा सक्तीचा केला आणि तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे जवळपास थांबले. त्या सांगाड्यात अवघड तंत्रज्ञान काहीच नव्हते. सरकारने एक गोष्ट ठरवली आणि ती पाळून घेतली.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी खरेदी सुरू होण्यापूर्वी बैठक घेऊन उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, पोलीस, बाजार समिती, सीसीआय आणि जिनिंगवाले यांना एका टेबलावर आणावे. परावर्तक पट्टी आणि लॉकची पिन नसलेली ट्रॉली फाटकावर आली तर तिला परत न पाठवता तिथेच पट्टी लावून द्यावी, पिन बसवून द्यावी आणि खर्च बाजार समितीने सोसावा. काट्यावर ट्रॉलीचे वजन तसेही होतेच, मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर ते पावतीवर लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी नाही म्हणता येणार नाही. दुर्गोत्सवात यवतमाळच्या वेशीवर माणसे भरलेल्या ट्रॉल्या अडवून तिथून पुढे लोकांना एसटीने आणण्या-नेण्याची सोय पालिका आणि महामंडळाने करावी. विसर्जनाच्या ट्रॉलीवर मूर्ती आणि तिला धरणारे दोघे-चौघे मोठे, बाकी सगळे पायी, ही अट मंडळांनी परवानगी घेतानाच लिहून द्यावी.

आणि ट्रॅक्टर-मालकांनो, प्रशासन हलेल तेव्हा हलेल. उद्या सकाळी ट्रॉली जोडण्याआधी तुम्ही स्वतः वाकून पिन बघा, सळई असेल तर फेकून द्या आणि लॉकची पिन घ्या. साखळी बांधा. रस्त्यावर चढताना दोन्ही पायडल जोडा. मागच्या फाळक्यावर लाल पट्टी लावा. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी ट्रॉलीत माणूस बसवू नका.